क्रेडिट, केटी आणि मायनर : बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. मेंटॉर म्हणून मुलांचे विषय निवडीचे फॉर्म तपासणं हेही माझ्याच गळ्यात असतं. दरवर्षी मुलं बदलतात, प्रश्न तेच राहतात. त्यातले जास्त वेळा येणारे इथे घेतलेत. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. खालची उत्तरं त्या आराखड्याची आहेत. जिथे विद्यापीठागणिक नियम बदलतो तिथे तसं सांगितलंय.

क्रेडिट म्हणजे मार्कच ना?

नाही. विषय तुम्हाला किती जमला ते मार्क सांगतात, आणि विषय केवढा मोठा आहे ते क्रेडिट सांगतं. थिअरीचे सत्रभरात १५ तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, असा साधा हिशेब आहे. म्हणून दोन क्रेडिटच्या लॅबला आठवड्याला चार तास जातात आणि दोन क्रेडिटच्या थिअरीला दोनच. समजा २२ क्रेडिटच्या सत्रात सहा क्रेडिट लॅबची असतील, तर थिअरीचे १६ आणि लॅबचे १२ मिळून आठवड्याला २८ तास होतात. वेळापत्रक बघून "एवढं का?" असं वाटलं तर हा गुणाकार करून पाहा.

क्रेडिट अर्धंमुर्धं मिळत नाही. काठावर पास झालेल्याला चार आणि वर्गात पहिल्या आलेल्यालाही चारच. नापास झालात तर शून्य.

डिग्रीला एकूण किती क्रेडिट लागतात?

राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. सत्राला २० ते २२. या पट्ट्यातला नेमका आकडा तुमचं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. त्यामुळे मावसभावाला १२० मध्ये डिग्री मिळते आणि मला १३२ लागतात, ही तक्रार खरी असली तरी तिचा उपयोग नाही. तुमचा आकडा तुमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर छापलेला असतो. ती पानं कोणी वाचत नाही.

१३२ पूर्ण झाले की डिग्री नक्की?

इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. एकूण बेरीज पुरली म्हणजे झालं, असं नसतं. क्रेडिट वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असतात, त्यांना व्हर्टिकल म्हणतात, आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे भरावा लागतो. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स. मायनर म्हणजे दुसरा विषय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, दुसऱ्या विद्याशाखेतला निवडीचा विषय, व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्यांची, एईसी भाषांची, व्हीईसी मूल्यशिक्षणाची, आयकेएस भारतीय ज्ञानप्रणालीची. सीसीमध्ये एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला वगैरे येतं. शिवाय ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपी म्हणजे समाजाशी निगडित काम.

घरात पिठाचे, तांदळाचे आणि डाळीचे डबे वेगळे असतात. तांदळाचा डबा ओसंडून वाहत असला म्हणून डाळीचा भरत नाही. एका मुलीने उत्साहाने मेजरचे दोन जादा इलेक्टिव्ह केले. तिची बेरीज १३४ झाली, पण ओईमध्ये दोन क्रेडिट कमी निघाली. शेवटच्या सत्राच्या निकालानंतर हे कळलं, आणि नोकरीचं पत्र हातात असताना दोन क्रेडिटच्या विषयासाठी तिला पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागलं. तिची चूक होती, आणि फॉर्मवर सही करणाऱ्या आमचीही होती. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला वहीच्या शेवटच्या पानावर व्हर्टिकलचा तक्ता काढायला लावतो आणि सत्र संपलं की पेनाने भरायला लावतो.

मायनर कोणता घ्यावा?

कॉलेज जे देतं त्यातूनच निवड करावी लागते, त्यामुळे आधी यादी बघा. बऱ्याच ठिकाणी गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं. काही ठिकाणी व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्रही मिळतं. मायनर तुमच्याच विद्याशाखेतला असला तरी चालतो.

माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा गणित. यात गणिताचा उदोउदो नाही, पुढच्या दारांचा विचार आहे. एमसीएच्या, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सच्या मास्टर्सच्या, प्रवेशाला बारावीत किंवा पदवीत गणित असलेलं बरं. एनआयटींच्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र आणि ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून दहापैकी सरासरी) मागतात. गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात सुमारे १३ मार्क इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सला असतात, शिवाय डिस्क्रीट मॅथ्सचे संस्कार अल्गोरिदमच्या प्रश्नांत उपयोगी पडतात ते वेगळेच. जर्मनीतल्या मास्टर्सचे अर्ज पाहिलेत तर तिथे गणिताची किती क्रेडिट केलीत हे वेगळं मोजतात. बी.एस्सी.च्या मुलांचं घोडं अनेकदा तिथेच अडतं.

डेटा सायन्सकडे जायचं मनात पक्कं असेल तर संख्याशास्त्र जास्त कामाचं. तिथे प्रायिकता आणि रिग्रेशन हाताने सोडवावं लागतं, लायब्ररीची एक ओळ लिहून सुटका होत नाही. मायक्रोकंट्रोलर, रोबोटिक्स, एम्बेडेड यांत मन रमत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. "मैत्रिणीने घेतलं म्हणून" हे कारण मी फॉर्मवर मान्य करतो, कारण नाकारायचा मला अधिकार नाही.

मायनर मध्येच बदलता येतो का? पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी येतो. दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर बदलायचा तर केलेली क्रेडिट त्या कप्प्यात धरली जात नाहीत आणि नव्या मायनरचे राहिलेले विषय भरून काढावे लागतात. तीन वर्षांत मायनरची साधारण १८ ते २० क्रेडिट असतात, म्हणजे चार-सहा क्रेडिट वाया घालवणं परवडत नाही.

ओपन इलेक्टिव्हला पायथन घेऊ का? येतंच आहे.

नाही. ओई मेजरच्या बाहेरच्या विद्याशाखेतला घ्यावा लागतो. तुम्ही विज्ञानाचे, म्हणजे वाणिज्य किंवा मानव्यशाखेकडे जायचं. बी.कॉम.ची मुलं मात्र आमच्याकडे ओईला स्प्रेडशीट शिकायला येतात. आमच्या मुलांना हे अन्यायाचं वाटतं. पण ज्यांनी वैयक्तिक अर्थनियोजनाचा ओई घेतला, त्यांना पहिल्या पगाराची स्लिप हातात आल्यावर पीएफ आणि टीडीएस म्हणजे काय ते माहीत होतं.

एसजीपीए कसा काढतात? मार्क वाढले तरी एसजीपीए हलत नाही.

एसजीपीए म्हणजे एका सत्राची सरासरी. प्रत्येक विषयाची क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. ग्रेड पॉइंट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहाच्या पट्टीवर असतात : ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य.

एक सत्र घेऊ. डेटा स्ट्रक्चर्स ४ क्रेडिट, बी : २४. त्याची लॅब २ क्रेडिट, ए प्लस : १८. मायनरचं गणित ४ क्रेडिट, सी : २०. ओई ४ क्रेडिट, ए : ३२. व्हीएससी २ क्रेडिट, ओ : २०. भाषा २ क्रेडिट, ए प्लस : १८. व्हीईसी २ क्रेडिट, ओ : २०. सीसी २ क्रेडिट, ओ : २०. बेरीज १७२, क्रेडिट २२, एसजीपीए ७.८२.

आता भाषेत एक ग्रेड वर गेलात, तर १७४ भागिले २२, म्हणजे ७.९१. डेटा स्ट्रक्चर्समध्ये एक ग्रेड वर गेलात तर १७६ भागिले २२, म्हणजे बरोबर ८. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सीसीची फाइल सजवत बसणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून बघावेत. गणितातला सी तर त्याहून महाग आहे, कारण तिथे अजून पाच पायऱ्या वर जायला जागा आहे.

सीजीपीए काढताना सत्रांच्या एसजीपीएची नुसती सरासरी घेऊ नका. सत्रांची क्रेडिट सारखी नसतील तर उत्तर चुकतं. सगळ्या सत्रांचे गुणाकार एकत्र मिळवून एकूण क्रेडिटने भागायचं.

सीजीपीएचे टक्के कसे करायचे? दहाने गुणायचं ना?

तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात असतं, तेच वापरा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) जुन्या तक्त्यात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० टक्के असं आहे, म्हणजे ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. काही विद्यापीठांचं सूत्र याहून वेगळं आहे. कंपनीच्या फॉर्मवर ६० टक्क्यांची अट असते आणि मुलं दहाने गुणून ६१ लिहितात. कागदपत्रं तपासताना ते ५३.५ निघतात. अशा वेळी दिलेली ऑफरही परत घेतली जाते, कारण तो मुद्दा मार्कांचा न राहता खोट्या माहितीचा होतो.

केटी लागली. वर्ष जाईल का?

केटी म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय आणि एटीकेटी म्हणजे टर्म चालू ठेवण्याची परवानगी. केटी असूनही पुढच्या वर्गात बसता येतं, पण त्याला मर्यादा आहे. नेमका आकडा विद्यापीठाच्या अध्यादेशात असतो. बहुतेक ठिकाणचा सांगाडा असा की पहिल्यातून दुसऱ्या वर्षाला जाताना पहिल्या वर्षाची ठरावीक क्रेडिट मिळालेली हवीत, बऱ्याच ठिकाणी निम्मी. आणि तिसऱ्या वर्षात पाय ठेवताना पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं हवं.

यात दोन गोष्टी मुलांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, "माझ्या तीनच केटी" हे वाक्य आता अपुरं आहे. तीन विषय दोन-दोन क्रेडिटचे असतील तर सहा क्रेडिट गेली, चार-चार क्रेडिटचे असतील तर बारा. केटी क्रेडिटमध्ये मोजा. आणि अंतर्गत व सत्रान्त परीक्षेत स्वतंत्र पासिंग असेल तर एकूण मार्क पुरेसे दिसूनही विषय अडकू शकतो. निकालपत्रातला तो छोटा रकाना नीट बघा.

दुसरी, पहिल्या सत्रातला एकच विषय दोन वर्षं डोक्यावर घेऊन फिरणं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळे विषय सुटतात, हा एकच राहतो, आणि त्या एकासाठी तिसऱ्या वर्षाचा प्रवेश थांबतो. दरवर्षी आमच्याकडे अशी दोन-तीन मुलं निघतात. विषयही ठरलेला असतो, गणित किंवा डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. नव्या वर्षाचा अभ्यास जड झाला की मुलं आधी जुनी केटी बाजूला ठेवतात. मी उलटं सांगतो. नव्या विषयात बी ऐवजी सी आला तरी चालेल, पण पहिल्या वर्षाची केटी पहिल्याच संधीला काढा.

गुण कमी वाटत असतील तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा. ती हातात आल्यावर विषयाच्या सरांना दाखवा आणि मगच रिव्हॅलचे (फेरतपासणीचे) पैसे भरा. मुदत कमी दिवसांची असते आणि ती निकाल लागल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही गावाहून परत आल्यापासून नाही.

अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला आणि माझी जुनी केटी राहिली, तर?

जुन्या पॅटर्नच्या परीक्षा काही ठरावीक वेळाच होतात. त्यानंतर नव्या पॅटर्नमधला समकक्ष विषय द्यावा लागतो, आणि त्याचा अभ्यासक्रम तुमच्या जुन्या नोट्समध्ये नसतो. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत २०१२, २०१५, २०१९ असे पॅटर्न एकामागोमाग आले. त्या प्रत्येक बदलात अडकलेली मुलं आजही कुठे ना कुठे परीक्षा विभागाच्या खिडकीशी दिसतात. समकक्ष विषयाचं पत्र लेखी घ्या.

हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं. आजारी होतो.

डॉक्टरांचं पत्र आजारपण चालू असतानाच द्या. टर्म संपताना आलेल्या सर्टिफिकेटकडे कोणीही संशयानेच बघतं, मीसुद्धा. हजेरी सर्वसाधारणपणे ७५ टक्के लागते आणि लॅबची वेगळी मोजतात. जर्नल तपासून सही झालेलं नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत.

स्वयम् किंवा एनपीटेलचा कोर्स केला तर क्रेडिट मिळतात ना?

स्वयम् हे सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं व्यासपीठ आणि एनपीटेलचे कोर्स त्यावर असतात. क्रेडिट मिळू शकतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयम्‌वरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. आधी ही मर्यादा २० टक्के होती. पण "देऊ शकतं" हे शब्द दोनदा वाचा. तुमच्या कॉलेजने तो कोर्स मान्य यादीत घेतलाय का, तो कोणत्या व्हर्टिकलमध्ये धरला जाणार, किती क्रेडिटचा, हे कोर्सला नाव नोंदवण्याआधी लेखी ठरलेलं हवं. मुलं उलट्या क्रमाने जातात. आधी बारा आठवडे मेहनत घेतात, सोनेरी पट्टीचं प्रमाणपत्र आणतात आणि मग विचारतात, "सर, हे कुठे बसवायचं?" तेव्हा ते कुठेच बसत नाही, आणि मला वाईट वाटतं.

एनपीटेलचा चार आठवड्यांचा कोर्स साधारण एक क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा दोन आणि बारा आठवड्यांचा तीन. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी भरावी लागते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, घरी बसून नाही. मार्क २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेतच. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे गणपतीत दोन आठवडे चुकले तर आभाळ कोसळत नाही. एक धोका मात्र आहे. एनपीटेलचा निकाल आणि विद्यापीठाचा निकाल यांचं वेळापत्रक जुळेलच असं नाही. शेवटच्या सत्रात स्वयम्‌वर विसंबून राहू नका, पाचव्या सत्रापर्यंत उरकून टाका.

पहिला कोर्स कोणता करावा असं कोणी विचारलं, तर मी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा आठ आठवड्यांचा कोर्स सुचवतो. क्रेडिट मिळो न मिळो, त्यातून शिकायला मिळतं.

क्लासचं किंवा कोर्सेराचं सर्टिफिकेट?

बायोडेटात लिहा. क्रेडिटसाठी, कॉलेजने त्या संस्थेशी करार केलेला नसेल तर, धरत नाहीत.

एबीसी आयडी काढला नाही तर काय बिघडतं?

मिळवलेली क्रेडिट कुठे जमा करायची ते विद्यापीठाला कळत नाही. एबीसी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली. डिजिलॉकरमधून खातं उघडतं आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. आता तोच अपार आयडी म्हणून ओळखला जातो. पैसे लागत नाहीत. क्रेडिट तुम्ही स्वतः भरू शकत नाही, विद्यापीठ भरतं.

अडचण जवळजवळ नेहमी नावाची असते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. माणसाला दोन्ही नावं एकच वाटतात, संगणकाला नाहीत. पहिल्याच सत्रात आधार दुरुस्त करून घ्या. तिसऱ्या वर्षी प्लेसमेंट चालू असताना सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं. आणि एकाच नावाने दोन आयडी काढू नका, हे मला दरवर्षी सांगावं लागतं.

त्या बँकेतली क्रेडिट कायम राहतात का?

जास्तीत जास्त सात वर्षं. शिवाय डिग्री ज्या संस्थेची हवी तिथून निदान निम्मी क्रेडिट कमावलेली लागतात. पाच कॉलेजांतून थोडीथोडी गोळा करून सहाव्याची डिग्री, असं होत नाही.

एका वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट मिळतं म्हणे?

मिळतं. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर यूजी सर्टिफिकेट. दोन वर्षांनी ८० ते ८८ आणि तशीच चार जादा क्रेडिट केली तर यूजी डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची.

वडील आजारी आहेत, दुकान सांभाळायचंय, असं कारण असेल तर ही सोय खरंच मोलाची आहे. पूर्वी अशा मुलाच्या हाती काहीच उरत नसे. पण कंटाळा आला म्हणून सोडणाऱ्यांना सांगतो की एका वर्षाच्या सर्टिफिकेटला बाजारात काय किंमत मिळते ते आधी दोन कंपन्यांत विचारून या. जाण्यापूर्वी जादा चार क्रेडिटचं काम उन्हाळ्यात करावं लागतं, तेही विसरू नका. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती घेत असाल तर खंड पडल्यावर त्या योजनेत काय होतं हे कार्यालयात विचारा. काही योजनांत दोन वर्षांचा खंड पडला की हक्क जातो.

तीन वर्षं करू की चार?

चौथं वर्ष सक्तीचं नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. ही पूर्ण पदवी आहे, एमसीए आणि एम.एस्सी. दोन्हींची दारं त्यावर उघडी आहेत. तेव्हा हिशेब असा घाला. तीन अधिक दोन वर्षांची एम.एस्सी., किंवा चार अधिक एका वर्षाची एम.एस्सी. दोन्हीकडे पाचच. फरक मध्ये बाहेर पडायची वेळ आली तर हातात काय असतं त्याचा.

अमेरिकेत मास्टर्सला जायचं असेल तर बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे चौथं वर्ष कामी येतं. संशोधनात रस असेल तर ऑनर्स विथ रिसर्च आहे. त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि जून २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना नेट ही प्राध्यापकपदासाठीची परीक्षाही देता येते. गेटला तिसऱ्या वर्षात असतानाही बसता येतं. मात्र नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर आयआयटीचा एम.टेक. साधारणपणे मिळत नाही.

पण तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षाला शिकवायला आणि प्रकल्पाला मार्गदर्शन करायला किती शिक्षक आहेत, ते आधी पाहा. ते काम एरवी पूर्ण भारावर असलेल्या दोन माणसांवर टाकलेलं असेल तर मी मुलाला एमसीएकडे वळायला सांगतो. विभागप्रमुखांना हे वाक्य आवडणार नाही.

बी.एस्सी.वरून इंजिनिअरिंगला जाता येतं का?

येतं. बारावीत गणित असेल आणि बी.एस्सी.ला ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) असतील तर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला पात्र ठरता, पॉलिटेक्निकच्या मुलांसारखेच. पण त्यासाठी बी.एस्सी. पूर्ण करावी लागते, म्हणजे तीन अधिक तीन मिळून सहा वर्षं. त्याऐवजी एमसीए पाच वर्षांत होतो. कॉम्प्युटरच्या नोकरीत बी.ई. आणि एमसीए यांच्यात कंपन्या आता फारसा फरक करत नाहीत. बी.ई.च हवं होतं ही हळहळ मनात असेल, तर एक वर्ष वाया घालवून ती भागवू नका.

बेळगावहून पुण्याला कॉलेज बदलायचंय. क्रेडिट येतील का?

मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रतेचा अर्ज आणि झालेल्या प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम एवढं घेऊन या. कर्नाटकाने चार वर्षांचा आराखडा २०२१ मध्ये आणला आणि २०२४ मध्ये तीन वर्षांच्या पदवीवर परतला. त्यामुळे तुमच्या गुणपत्रिकेवरच्या कप्प्यांची नावं आमच्याशी जुळत नाहीत. मेजरचे विषय बहुधा मान्य होतात. आयकेएस, व्हीईसी असे छोटे विषय इथे पुन्हा करावे लागतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येणं सोपं, तिसऱ्या वर्षी येणं जवळपास अशक्य.

सोबत आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. करू का?

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन चालते. त्या बी.एस.ला १४२ क्रेडिट लागतात : पायाभूत टप्प्यात ३२, दोन डिप्लोमांची प्रत्येकी २७, पुढे ११४ ला बी.एस्सी. आणि १४२ ला बी.एस. मध्येच थांबलात तरी काही ना काही हाती येतं, ही त्यातली शहाणी बाजू. तिथली क्रेडिट इथल्या डिग्रीत आपोआप धरली जात नाहीत. आमच्या वर्गातल्या ज्यांनी दोन्ही सुरू केल्या, त्यातली निम्मी मुलं पायाभूत टप्प्यातच थकली. जी टिकली, ती पहाटे उठणारी होती.

ओजेटीला काकांच्या सायबर कॅफेचं पत्र चालेल?

तिसऱ्या वर्षी ओजेटीची चार क्रेडिट असतात. क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास प्रत्यक्ष काम. काकांकडे खरंच बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहून दिलंत, रोजनिशी ठेवलीत, तर मी आनंदाने सही करेन. नुसतं लेटरहेड आणाल तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न डेटाबेसमधल्या टेबलांचा असतो, आणि मुलं तिथेच गप्प होतात.

मुलगा घरी काही सांगत नाही. आम्हाला निकाल कुठे बघायला मिळेल?

हा प्रश्न आई-वडिलांचा. निकाल मुलाच्या लॉगिनवर किंवा पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) आणि आईच्या नावाने दिसतो. पालक सभेला या, हजेरी दाखवतो. पण शक्य तर त्याच्यासोबत या. त्याच्या पाठीमागे मला फोन करून विचारलेलं त्याला कळतंच, आणि मग तो मलाही काही सांगत नाही.

मेंटॉरला भेटायला येताना काय आणू?

आतापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका, एबीसीच्या पानाची प्रिंट आणि वहीतला तो व्हर्टिकलचा तक्ता. मधल्या सुट्टीत येऊ नका, तेव्हा मी डबा खात असतो. सकाळच्या लॅबआधी अर्धा तास मी विभागातच असतो.